सगळे बूट डाव्या पायाचे

मामा भाचीच्या लग्नाला पोचले नाहीत. पण हे घडलेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. कारण विमान वेळेवर उतरलंय, मामांनी नवा कोट घातलाय, आणि इतक्या आनंदात असलेल्या माणसाला आल्या आल्या वाईट बातमी देऊ नये.

लग्न परदेशात होतं, बंदरापासून आत समुद्रात, एका बेटावर. भाचीचे वडील ती लहान असतानाच गेले. तिनं मामांना एकच काम सांगितलं होतं, "मांडवात हात धरून मला तू न्यायचंस. दुसरं कुणी आलं तर मी खोलीतून हलणार नाही." तेव्हापासून मामा घरातल्या घरात सावकाश चालायचा सराव करत होते. शेजाऱ्यांना वाटलं, गुडघे गेले.

पाहुण्यांना प्रवासाच्या सूचनाही मामांनीच दिल्या. सगळी हयात सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली होती, तेव्हा सूचना हा त्यांचा हातखंडा. पासपोर्ट गळ्यात ठेवा. अधिकाऱ्यांशी खरं बोला. बोट कुणासाठीही थांबणार नाही, अगदी माझ्यासाठीसुद्धा. हे शेवटचं त्यांनी गंमत म्हणून घातलं होतं.

बॅगांचं खातं मात्र मामींकडे. या घरात बॅग माणसाची नसते, वजनाची असते. मामी काटा घेऊन बसल्या आणि सगळ्यांच्या बॅगा सारख्या भरेपर्यंत इकडचं तिकडे करत राहिल्या. कुणाचा सदरा कुणाच्या बॅगेत गेला हे देवाला आणि मामींना ठाऊक, आणि त्यातही देवाला जरा कमीच.

कस्टमच्या बाईंनी मामांना बाजूला घेतलं. त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि टेबलावरचा फोन त्याचं मराठी करून ऐकवायचा.

"ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का?"

सूचना मामांचीच होती. खरं बोला.

"छे छे! मला माझी बनियनसुद्धा कुठाय ते माहीत नाही."

खोलीचं दार बंद झालं. दाराला आतून मूठ नव्हती. खुर्ची जमिनीत ठोकलेली. खिडकी होती, पण तिच्यातून पलीकडच्या खोलीतली तशीच खिडकी दिसत होती.

बाईंनी बॅग उघडली. आधी बूट निघाले. एक डावा. मग दुसरा डावा. मग आणखी डावेच.

"आपल्याला किती डावे पाय आहेत?" फोननं अदबीनं विचारलं.

"उजवे मेव्हण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या बॅगेत आहेत. वजनाला."

मग एक मोजा निघाला. मोज्यात पांढऱ्या गोळ्या. भाचीच्या आत्याबाईंच्या, रक्तदाबाच्या. डबीला उगाच वजन, म्हणून मामींनी डबी घरी ठेवली होती. डॉक्टरांची चिठ्ठी आत्याबाईंच्या पर्समध्ये, पर्स आत्याबाईंच्या मांडीवर, आणि आत्याबाई बोटीत. बोट थांबली नव्हती.

बोट बेटाला लागली असेल अशा बेतानं मामांनी मामींना फोन लावला.

"अहो, कुठे राहिलात?"

"मोज्यात अडकलोय. चिठ्ठीचा फोटो पाठव. आणि आत्याबाईंना गोळ्यांवाचून काही त्रास?"

"बेटावर डॉक्टर आहेत, त्यांनी दुसऱ्या दिल्या. त्या तर म्हणतात, तुम्ही नाहीत म्हणून बरं वाटतंय."

फोटो आला. बाईंनी तो पाहिला आणि मान हलवली. मूळ प्रत हवी, आणि ती जिची आहे तिनं स्वतः आणायला हवी. परतीची बोट उद्या सकाळी. तोवर बसा.

मामांना चिडायचं होतं. पण 'मूळ प्रत आणा' हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या माणसांच्या तोंडावर मारलं होतं, की बाईंकडे पाहून त्यांना क्षणभर बदलीवर आलेली सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

फोन वाजला. भाची.

"मामा, कुठंयस तू?"

"आलोच. कोपऱ्यावर आहे."

"बेटाला कोपरा नाही, मामा."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आतून कडी लावून बसलेय," ती म्हणाली. "सगळे दार बडवताहेत. नवरा मुलगासुद्धा. म्हणतात, सूर्य मावळला की मांडववाले आवरायला घेणार."

"उघड ना बाळा. मेव्हणे आणतील तुला."

"त्यांच्या दोन्ही पायांत उजवे बूट आहेत. ते सारखे उजवीकडे वळून परत दाराशीच येतात."

मामांना हसू आलं.

"माझ्यासाठी लग्न मोडू नकोस गं."

"मग तू ये. तू तिकडून दार उघड, मी इकडून उघडते."

फोन ठेवून मामांनी दाराकडे पाहिलं. मूठ अजूनही नव्हती. मग त्यांनी कोटाची बटणं लावली, बाईंकडून कोरा कागद मागून घेतला, डावीकडे समास सोडला आणि आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या बाजूनं लिहायला घेतलं:

"महोदया, अर्जदारास या खोलीतून सोडणे नियमात बसत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. परंतु आपल्या खात्यास माणसे ताब्यात घेण्याचे पूर्ण अधिकार आहेत. सबब नम्र विनंती की, वधू, वर, भटजी व समस्त वऱ्हाड यांना सूर्यास्तापूर्वी ताब्यात घेऊन, पुढील चौकशीकरिता याच खोलीत हजर करावे. कळावे."