पुसलेली बाजू

आशालताबाईंनी कॅसेटच्या कडेची जुनी चिकटपट्टी नखाने सोलली. खाली खाच होती; तिथला प्लॅस्टिकचा तुकडा कॅसेट देताना सामियाने स्वतः मोडला होता, कुणी चुकूनही तिच्या गाण्यांवर दुसरं काही भरू नये म्हणून. आणि पंचवीस वर्षांपूर्वी पट्टी लावून ती बुजवली होती आशालताबाईंनीच. तेव्हा चांदीप गावच्या शेतात सासूबाई आणि इतर बायका भात लावताना गात होत्या, कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. लोकगीतांच्या अभ्यासकाला अशा वेळी पुढचं-मागचं काही दिसत नाही.

सुदानच्या सामियाने एका परिषदेत आपल्या आजीची गाणी विश्वासाने त्यांच्या हाती दिली होती. आता युद्धात तिचं घर जळालं, जन्मभर जमवलेलं ध्वनिमुद्रण गेलं. ती कैरोत एका खोलीत राहत होती. सकाळी तिचा संदेश आला होता: ‘तुझ्याकडे आहे तेवढीच आजी उरली आहे.’

कॅसेट हरवली म्हणून कळवावं, असं त्यांच्या मनात आलं. त्याची त्यांना फार लाज वाटली.

“काय झालं गं?” पलंगावरून धोंडूबाईंनी, त्यांच्या नव्वदीच्या सासूबाईंनी, विचारलं.

“आई, ती सुदानची गाणी होती ना, ती मी पुसली. त्यावर तुमची भातलावणीची भरली.”

“ती होय? तू दिवसभर लावायचीस. तुझ्या लेकीला, उन्नतीला, त्याच चालीवर निजवली मी.”

आशालताबाईंनी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो पुढे धरला. धोंडूबाई गायल्या. शब्द त्यांना कधी कळलेच नव्हते. नुसती चाल होती, मध्येमध्ये दम लागत होता.

आशालताबाईंनी ते पाठवलं आणि सोबत सगळं खरं लिहिलं, चिकटपट्टीसकट.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. क्षमेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘तिसऱ्या ओळीत सूर खाली येत नाही, वर जातो,’ एवढंच लिहिलं होतं. खाली सामियाने ती ओळ स्वतः गाऊन पाठवली होती. शेवटी तिचा आवाज फाटला होता.

आशालताबाईंनी ती सासूबाईंना ऐकवली.

“चुकलंच माझं,” धोंडूबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकलेली पाठ सरळ करून बसल्या. “परत लाव. तिला म्हनावं, शिकते मी.”