हिरवे गाल

धाकटे डॉक्टर बापाच्या दातांच्या दवाखान्यात रुजू झाले ते दोन गोष्टी घेऊन: मोठी पदवी आणि उष्णता टिपणारा कॅमेरा. पदवी त्यांनी भिंतीवर टांगली आणि कॅमेऱ्याला डोक्यावर बसवलं. थोरले डॉक्टर पेशंटच्या हनुवटीखाली अंगठा दाबून पू ओळखायचे. धाकट्यांना हात विटाळावे लागत नसत. संगणक डावा गाल उजव्याशी ताडून बघायचा. एक जास्त तापलेला दिसला की तिथे लाल डाग, म्हणजे जंतुसंसर्ग. सगळं हिरवं असलं की पेशंट घरी.

फोटो काढणाऱ्या बाई थोरल्यांच्या वेळेपासूनच्या. वर्षभरात धाकट्यांनी कितीदा "तोंड उघडा" म्हटलं, ते बाईंना बोटांवर सांगता आलं असतं, आणि अंगठा शिल्लक राहिला असता.

त्या दिवशी बाईंचा दीर आला. चारच दिवसांपूर्वी धाकट्यांनी त्याच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा एका बैठकीत काढल्या होत्या. हा माणूस म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. फोटोआधी गालांना हात न लावता पंधरा मिनिटं बसावं लागतं. पंधरा मिनिटांत तो एक शब्द बोलला नाही.

"भाऊजी, थुंकी गिळता येते?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. ओठांवरचा रुमाल चिंब होता.

"तोंड उघडा बघू." दातांमध्ये बाईंचं एक बोटही धड शिरेना.

फोटो काढल्यावर पडदा मात्र हिरवागार.

"वा! एकदम स्वच्छ," धाकटे म्हणाले. "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा."

"डॉक्टर, गुळणी घेतील कशी? तोंड उघडत नाही. सूज जिभेखाली उतरली की श्वास कोंडतो, असं थोरले डॉक्टर सांगायचे. जरा हनुवटीखाली दाबून तरी बघा."

"बाई, तुम्ही फोटो काढा. निदान संगणक करेल."

"त्याला फरक दिसणार कसा? दोन्ही गाल सारखेच तापलेत!"

धाकटे हसले. न शिकलेल्या माणसाकडे बघून शिकलेला माणूस हसतो, तसं. दीर तर पडद्यावर विसंबून उठायलाही लागला होता.

या माणसाशी डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. ते आपलंच फुटलं असतं. बाईंनी दाढा काढण्याआधीचा दिराचा फोटो शोधला आणि संगणकाला डाव्याशी उजवा नव्हे, तर आजचा चेहरा त्या दिवशीच्या चेहऱ्याशी ताडायला लावलं. कानापासून कानापर्यंत लालभडक पट्टा उमटला.

धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला. पण तोंड सावरायला त्यांना किती वेळ लागणार! "पाहिलंत? माझ्या मशीनपासून काही लपत नाही," म्हणत त्यांनी मोठ्या इस्पितळात फोन लावला. तासाभरात तिथे पू काढला. आणखी थोडा उशीर झाला असता तर गळ्याला भोक पाडावं लागलं असतं, असं तिथल्या सर्जननी सांगितलं.

आठवड्याने दीर घरी आला आणि इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं त्याने व्याजासकट बाहेर काढलं. कॅमेरा असा, डॉक्टर तसे, देवमाणूस! मग आठवण आल्यासारखं म्हणाला, "वहिनी, फोटो तुम्हीच काढलात ना? म्हणजे थोडा हात तुमचाही लागला."

"थोडासाच," बाई म्हणाल्या. "आ करा."

त्यांनी बोटं घालून पाहिली. तीन मावली. मग तो पुढचं बोलण्याआधी बाई चहा टाकायला आत निघून गेल्या.