सुनेचा हातगुण

औषध जीव वाचवण्यासाठी असतं, याबद्दल कोणाचं दुमत नसावं. या घरात औषधाचे तीन डबे होते: एकात किडीचं, एकात बुरशीचं, एकात तणाचं. तिन्हींवर कवटी होती.

घरामागे प्लास्टिकच्या छताखाली गुलाबांची बाग होती. दर आठवड्याला फवारणी, आणि घरची रीत अशी की पिंपात औषध कालवायचं ते सुनेने, कोपरापर्यंत हात घालून. गुठळी बोटांनीच फुटते आणि सुनेच्या हाताला गुण असतो, असं सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांत सून कोणीच नव्हती.

सासूने हा गुण सव्वीस वर्षं सांभाळला. दोनदा पोट राहिलं आणि गेलं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा ती माहेरी होती, आजारी आईच्या उशाशी. तो मुलगा जगला. या गोष्टींची एकमेकींशी गाठ घालून द्यायला घरात कोणाला सवड नव्हती. आता तिने चहाचा कप उचलला की बशी वाजायची. "वय झालं," नवरा म्हणायचा. वय सत्तेचाळीस.

सून लग्नानंतरही कापडाच्या दुकानात कामाला जायची. चौथा महिना लागला, उभं राहून त्रास होईल, म्हणून तिला घरी बसवलं. घरी आहेच, तर पिंपाशी बसेल, असंही ठरलं.

"बाही वर घे," सासू म्हणाली. "आणि वास घेऊ नकोस, डोकं धरतं."

सून किडीच्या औषधाचा डबा फिरवून वाचत होती. "आई, यावर लिहिलंय, रबरी हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा. गरोदर बाईने तर हातच लावायचा नाही."

"हे आता लिहायला लागले?"

"नाही हो. असतंच ते."

सासूला वाचता येत नव्हतं. तिच्या नवऱ्याला येत होतं. तो पेपरातलं भविष्यसुद्धा सोडत नसे.

"वाचनालय उघडलंय का इथे?" तो बागेतून ओरडला. "ऊन चढायच्या आत फवारायचंय!"

"अहो, डब्यावरचं हे तुम्ही वाचलं होतं?" सासूने विचारलं.

"लिहावं लागतं कंपनीला. सगळं मनावर घ्यायचं नसतं."

"मग आज तुम्ही कालवा."

"मी कसा? बोटाला चिरलंय माझ्या. त्यातून आत जातं ते."

बोलून झाल्यावर त्याच्याही लक्षात आलं, पण शब्द तोंडातून सुटला होता.

सासूने सुनेच्या हातातला डबा घेतला, झाकण घट्ट लावलं, रिकामं पिंप पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"आई, दमलीयेस तू. आत चल," पाठीवर पंप घेतलेला मुलगा म्हणाला.

"दमलेच आहे. म्हणून तर बसलेय. ही हात घालणार नाही, आणि मीही नाही."

"इतकी वर्षं चाललंय," नवरा म्हणाला. "काही झालं का कोणाला?"

"दोघं व्हायची होती," ती म्हणाली. "झाली नाहीत."

नवरा बोटाची चीर बघत राहिला.

तीन दिवस फवारणी झाली नाही. चौथ्या दिवशी मुलाने हातमोजे आणि मास्क आणले, पाईपचा एक लांब तुकडा घेतला आणि पिंप ढवळलं. औषध पाच मिनिटांत कालवून झालं.