वर्गाची सरासरी

ओहायोतल्या त्या मेडिकल कॉलेजात निळ्या पट्टीचं ओळखपत्र म्हणजे एमडीची, तिकडच्या डॉक्टरकीच्या पदवीची मुलं, आणि करड्या पट्टीचं म्हणजे आम्ही. एमडीला दोन-दोनदा अर्ज करून नकार घेतलेले, आणि आता वर्षभराचं मास्टर्स करून "बघा, आम्हालाही जमतं" हे दाखवायला आलेले. वर्ग एकच, प्राध्यापक तेच, प्रश्नपत्रिकाही तीच. वर्षअखेरीला आमचे गुण निळ्यांच्या सरासरीच्या वर गेले तर प्रवेशाची मुलाखत नक्की. खाली राहिले तर नुसती पदवी मिळते, आणि तिचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

मी एकोणतीस वर्षांची होते. टोलेडोहून वडील प्रत्येक फोनवर विचारायचे, "कॉरिन, यंदा तरी?" मी म्हणायचे, "यंदा नक्की." यंदा झालं नाही तर पुन्हा अर्ज करायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. कंटाळा आला होता हो, अगदी हाडापर्यंत.

आमच्यात एक अलिखित नियम होता. आपल्या नोट्स निळ्यांना द्यायच्या नाहीत. त्यांचे गुण वाढले की आम्हाला ओलांडायची काठी उंच होते, एवढं साधं गणित. मला तो नियम कोता वाटायचा, पण पाळत होते.

माझ्या शेजारी टेसा बसायची. निळी पट्टी, घरी पाच महिन्यांचं बाळ. फेब्रुवारीत ते बाळ आठवडाभर हॉस्पिटलात होतं. किडनीच्या पेपरला चार दिवस उरले असताना टेसा उलटा स्वेटर घालून वर्गात आली आणि बाकावर डोकं टेकून म्हणाली, "मी नापास होणार गं. सगळं वर्ष परत करावं लागेल."

मी माझी फाइल तिच्यापुढे सरकवली. बावीस पानं, सगळ्या आकृत्या हाताने काढलेल्या.

दोन दिवसांनी डार्नेल माझ्यावर उखडला. तोही करड्या पट्टीचाच. "डोकं फिरलंय का तुझं?"

"अरे, एकटीच्या गुणांनी सरासरी कितीशी हलणार?"

"एकटीच्या?" त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्याचा रूममेट निळा होता, त्याच्याकडून आलेला फोटो होता. टेसाने बावीसच्या बावीस पानं निळ्यांच्या ग्रुपवर टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'ही आपल्या कॉरिनची. इतकं चांगलं एकटीने कसं ठेवू?'

मला राग आला. टेसाचा थोडा, स्वतःचा जास्त. तिला बोलणार तरी काय? आमचे गुण कशाशी ताडून बघतात हे निळ्यांना ठाऊकच नव्हतं, आणि सांगायची आम्हाला लाज वाटायची.

किडनीच्या पेपरात त्यांची सरासरी कधी नव्हे ती नव्वदीवर गेली. मे महिन्यात निकाल लागला. निळ्यांची वर्षाची सरासरी ८४.६, माझी ८४.३. डार्नेल जेमतेम काठावर पार झाला. मला तो एका शब्दाने बोलला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी लॉकर रिकामा करत होते तेव्हा टेसा बाळाला कडेवर घेऊन धावत आली. पास झाली होती. मला एका हाताने घट्ट मिठी मारली. बाळाने माझ्या करड्या पट्टीवर लाळ गाळली.

"एक गंमत सांगू? पुढच्या वर्षी मुलाखती घेणाऱ्यांत विद्यार्थ्यांतर्फे मला घेतलंय!" ती म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "पण ओळखीच्यांची मुलाखत घेता येत नाही म्हणे. तू आलीस की मला उठून बाहेर जावं लागेल. किती वाईट ना?"

मी बाळाची लाळ बाहीने पुसली.

"बस तू खुर्चीत," मी म्हणाले. "तुला उठावं लागणार नाही."