पेटीतल्याले मार नाई

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हन्तात. मी घेतो. नत्थू. घ्या, घेतलं, काई जीभ झडली नाई माही.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. आंजीले आमची वांग्याची वाडी होती, अन् रानडुकराईचा तरास. राखनीले म्हनून नत्थूनं कबऱ्याले आनलं, कुत्र्याचं पिल्लू होतं तवा. वर्ध्याले परेडीत त्यानं पोलिसाचा कुत्रा पाह्यलता, तवापासून डोक्यात भूत शिरलं का आपलाबी तसाच करू. संत्र्याची लाकडी पेटी आडवी केली, आत पोतं टाकलं, अन् रोज सकाळ-संध्याकाळ शिकवनी सुरू. "बस." नाई बसला का काठी. "उठ." उशीर झाला का काठी. पन परेडीत कुत्रा धरनाऱ्या पोलिसानं त्याले एक कायदा सांगतलता, तो मात्र नत्थूनं पाळला. पेटीत गेल्यावर मार नाई. "पेटीत" म्हटलं का आत जायचं, अन् नत्थू "ये" म्हनीन तवाच बाहेर याचं.

कुत्र्याचा जीव जडला त्या पेटीवर. काऊन नाई जडनार? साऱ्या घरात मार न खायची तेवढीच जागा होती. मार त्यालेबी होता, बैलालेबी होता, मलेबी होता. मले पेटी नव्हती. खोटं कायले बोलू, हेवा वाटे मले त्या मुक्या जनावराचा.

एका संध्याकाळी नत्थूनं कबऱ्याले पेटीत बसवलं अन् ढोसून आडवा झाला. रोज झोपाच्या आधी तो त्याले राखनीले सोडे, त्या दिवशी "ये" म्हनाचं राहून गेलं. सकाळी पाहतो तं अर्धी वाडी डुकराईनं उपटून टाकलेली. कबऱ्या पेटीतच. पोत्याच्या चिंध्या केलत्या त्यानं दातानं. डुकरं ऐकली असतीन, वास आला असन, पेटीले दारबी नव्हतं. तरी उठला नाई बिचारा.

"हरामखोरा, फुकटचं खातं अन् झोपून राहतं?" म्हने नत्थू, अन् पेटीच्या फटीतून काठी खुपसू लागला. कबऱ्या केकाटला, पन बाहेर आला नाई. त्याले वाटत असन, आत हावो म्हनून वाचू. फळी तुटली. पोतं रक्तानं भरलं.

"तुमीच बसवलं ना त्याले, अन् सोडाले इसरले," मी म्हटलं. "त्याचा काय गुन्हा?"

त्यानं तीच काठी माह्या कानशिलावर हानली. माही सासू देवकाबाई वसरीतून म्हने, "तू काऊन मधात पडतं वं, धुरपता?"

मी बंडीची उभारी, बाजूले खोचलेला जाड दांडा, उपसली. पहिला टोला त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला, अन् मले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दुसरा गुडघ्यावर. नत्थू पडला, तोंडात माती गेली त्याच्या.

"त्याले ये म्हना."

"धुरपता, सोड मले."

"म्हना. नाई तं डोस्कं फोडतो."

"ये," नत्थू म्हने.

कबऱ्या बाहेर आला. एक डोळा फुटलेला, मागचा पाय घसटत. माह्या हातची भाकर खाये तो, मले वाटलं माह्याकडं येईन. तो सरळ नत्थूजवळ गेला अन् त्याचा मोडका हात चाटाले लागला. शेपटीबी हालवे.

माह्या अंगाची आग झाली. नत्थूचा आला नाई एवढा राग मले कुत्र्याचा आला. चौदा वर्सं मीबी हेच केलतं. संध्याकाळी मार खाचा अन् सकाळी त्याच्यापुढं चहा ठेवाचा. "हट तिथून," म्हनून मी कबऱ्याच्या पाठीत उभारी घातली. त्याच्या जन्मात पहिल्यांदा मी त्याले मारलं.

त्यानं माह्याकडं पाह्यलं. मंग पाय घसटत गेला, अन् मोडक्या पेटीत जाऊन बसला, माह्या भेवानं.

नत्थूले लोकाईनं उचलून दवाखान्यात नेलं. मी पेटीपुढं बसली होती, भाकर घेऊन. "ये रे बापा, ये," म्हनून म्हनून गळा सुकला माहा. दुपार टळली तरी तो काई बाहेर आला नाई.