पाच गोळ्यांवरची फरशी

माझा नवरा फरशी बसवतो आणि तिच्या फटी मी भरते. बावीस वर्षं झाली. लोकांच्या घरांत आम्ही दोघं गुडघ्यांवरच चाललो. त्या घरांत उभं राहून शिरणारी माणसं वेगळी असतात.

आम्ही राहतो तेही घर भाड्याचं. एका इमारतीत चार घरं, दोन खाली, दोन वर. आम्ही खाली डावीकडे. मालकाच्या डोक्यात आलं की चारही घरं नवी करायची आणि भाडं वाढवायचं. बाकीचे तीन भाडेकरू त्याने महिनाभरात काढले. आम्हाला नाही काढलं, कारण फरशी बसवणारा मिस्त्री घरातच मिळत होता.

"मिस्त्री," मालक म्हणाला, "तीन घरांची मजुरी देतो. तुझ्या घराची नको धरूस. त्या बदल्यात तुझं भाडं तीन वर्षं वाढवणार नाही."

"हे कागदावर द्याल का?" मी विचारलं.

"काय वहिनी! आपल्या माणसांत कागद कसले?"

हा माणूस कामाचं बोलायचं असलं की मला वहिनी म्हणतो. एरवी मी त्याला दिसतसुद्धा नाही.

मी गप्प बसले ते सासूबाईंसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून चार पायांची काठी घेऊन चालतात. डोळ्यांना नुसते आकार दिसतात. त्यांना तळमजला हवा, सपाट जमीन हवी आणि पलंगापासून संडासापर्यंत जाताना कुठे ठेच लागायला नको. त्यांचं जग तेवढंच आहे, आणि ते तेवढं तरी टिकावं म्हणून आम्ही मालकाच्या शब्दावर मान डोलावली.

मग माल आला. कुठल्यातरी कारखान्याने नापास केलेल्या टाइल्स. नवऱ्याने खोक्यातल्या दोन काढल्या, तोंडाला तोंड लावून जमिनीवर ठेवल्या आणि वरून बोटाने दाबलं. वरची झोपाळ्यासारखी डुलली.

"वाकड्या आहेत, मालक. मापंही सारखी नाहीत."

"भाडेकरू काय पट्टी घेऊन राहायला येणार आहे?"

"ठीक आहे. टाइल स्वस्तातली असू दे, ती मी निभावून नेतो. पण खालच्या सिमेंट-वाळूच्या मालात हात आखडू नका. फरशीचा जीव खाली असतो."

मालकाने सिमेंटच्या गोण्यांकडे बघितलं. लागणार होत्या त्याच्या निम्म्याच आणल्या होत्या. "चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे टाक, मध्ये एक. बसव वरून. कोणाला दिसतंय?"

"दिसत नाही. वाजतं."

"भाडेकरू नाचायला नाही येत रे!" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेला.

तीन घरं आम्ही तशीच केली. खोटं कशाला बोलू? पाच गोळे, वर टाइल, रबरी हातोडीचे दोन ठोके, पुढची. टाइलखाली उंदीर नांदावा एवढी पोकळी. नवरा पहिले दोन दिवस जेवताना बोलला नाही, तिसऱ्या दिवशी सवय झाली. सवय फार लवकर होते, हे कोणी कबूल करत नाही. फटी मात्र मी अशा सफाईने भरल्या की वरून बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. त्या लबाडीवर रंगसफेदी करणारे हात माझे होते.

आमचं घर शेवटी धरलं. तिथे नवऱ्याच्या अंगात आलं. उरलेल्या सगळ्या टाइल्स त्याने बाहेरच्या बोळात मांडल्या, एकेक दोरीने मापली आणि तीन थप्प्या केल्या. मोठ्या, लहान आणि वाकड्या. वाकड्या पलंगाखाली आणि कपाटाखाली. लहान भिंतीच्या कडेला, कापून. आणि मोठ्यांपैकी त्यातल्या त्यात सरळ, खरखरीत निघाल्या त्या आईच्या वाटेवर. संडासाचा उंबरा फोडून काढला आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून आत ढाळ दिला. खाली मालाचा पूर्ण थर, कोपऱ्यापर्यंत. त्यासाठी सिमेंट कमी पडलं ते आमच्या पैशाने आणलं.

"अहो, हे घर आपलं नाही," मी म्हटलं.

"आईचे पाय आपले आहेत ना?"

तीन दिवसांचं काम त्याने आठ दिवस केलं. सासूबाई पहिल्यांदा नव्या फरशीवर चालल्या तेव्हा अर्ध्या वाटेत थांबल्या. काठी दोनदा आपटून बघितली. "दगड आहे रे दगड," म्हणाल्या. माझा पन्नाशीचा नवरा शाळेत नंबर आल्यासारखा लाजला.

आठवड्याने मालक एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. नुकता निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीचे कपडे, हातात चाव्यांचा जुडगा. आधी वरची दोन्ही घरं बघितली. आम्हाला खालून नुसता आवाज ऐकू येत होता. टक, टक, टक. तो बेटा वाकून प्रत्येक टाइलवर चावी वाजवून बघत होता. नंतर आमच्या शेजारचं खालचं घर. तिथेही टक, टक.

"हे सगळं पोकळ आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. "या घरात कोण राहतं?"

"आमचा मिस्त्री."

"जरा बघू?"

आणि नको म्हणायच्या आत तो आमच्या घरात ओणवा झाला. दहा-बारा ठिकाणी चावी वाजवली. आवाज आला तो मुका, घट्ट. त्याने मान वर केली. "हे कसं काय?"

माझा नवरा! मी डोळ्यांनी खुणा करतेय, पदर ओढतेय, पण याला कामाचं कौतुक करणारा माणूस बावीस वर्षांत पहिल्यांदाच भेटला होता. "पूर्ण थर आहे साहेब, कुठे बोटभर जागा रिकामी नाही. टाइल हलकी आहे, पण निवडून लावलीय. संडासात बघा, ढाळ कसा दिलाय. पाणी टाकून दाखवू?" त्याने खरंच तांब्याभर पाणी टाकून दाखवलं. पाणी गुमान जाळीकडे निघून गेलं, आणि त्याच्याबरोबर आमचं घरही. ते तेव्हा मला एकटीलाच दिसलं.

तीन दिवसांनी मालक आला.

"वहिनी, तुम्ही वरचं डावीकडचं घर घ्या. त्या साहेबांना हेच हवंय."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"भाड्याचा दिला होता. वाढवतोय का? एका पैशाने नाही."

"आणि सासूबाई? जिना कसा चढायचा त्यांनी?"

"तेरा पायऱ्या आहेत. एकदा चढवल्या की झालं. रोज कुठे जायचंय त्यांना?" मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि वरची फरशी तरी कुठे परकी आहे? तुझ्याच हातची ना?"

नवऱ्याने मान खाली घातली. मी मालकाला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण एकही शब्द वाया गेलेला नव्हता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग हेही नको आणि वरचंही नको, महिनाअखेर इमारत सोडा." एवढ्या भाड्यात दुसरं घर कुठे मिळणार होतं? आम्ही सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं. त्या सबंध जिनाभर देवाचं नाव घेत होत्या आणि मी मालकाचं.

दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी संडासाला जाताना, काठीचा एक पाय टाइलच्या कडेला, दोन गोळ्यांच्या मधे पडला. खाली नुसती पोकळी होती. टाइल कडकन मोडली, काठी आत गेली आणि सासूबाई भिंतीवर आपटल्या. हाड वाचलं, मनगट सुजून वांग्यासारखं झालं.

नवरा त्यांना पलंगावर बसवून हळद लावत होता. मोडक्या टाइलकडे हात करून त्या म्हणाल्या, "कुठल्या मुडद्याने बसवली रे ही फरशी? मजुरी घेताना लाज नाही वाटली त्याला?"



"मीच बसवली, आई," तो म्हणाला.

सासूबाई हसल्या. दुखत असताना हसल्या. "जा रे! मला आंधळीला बनवतो होय? तुझी फरशी माझ्या पायांना कळते."

तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला. मग उठून छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि पहिली टाइल उचकटली. "सगळी काढतो. सगळी नव्याने बसवतो."

"सगळी?" मी त्याच्या समोर बसले. "आणि मग कोणीतरी चावी वाजवत येईल. वर गच्ची आहे अजून. तिथे चढवू त्यांना?"

त्याने हातोडा खाली ठेवला.

शेवटी आम्ही पलंगापासून संडासापर्यंतचाच पट्टा काढला. बावीस टाइल्स. खाली पूर्ण थर भरला, लेव्हल लावली, काठी अडखळणार नाही अशी वरची बाजू सपाट केली. तो सवयीने दोरी ताणून ओळ सरळ करायला लागला.

"सरळ नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला शिवी दिली असावी तसं. मग दोरी सोडली. माल ओला होता तोवर एकेक टाइल तळहाताने ढकलून त्याने ओळ वाकडी केली. एक फट बोटभर, पुढची केसाएवढी. मला वाटलं होतं ते सोपं असेल. पण नेम धरून चुकायला त्याला सबंध दुपार लागली. मी फटी भरल्या आणि ओल्या फडक्याने न पुसता तशाच ठेवल्या. वाळल्यावर फरशी खरूज झाल्यासारखी दिसायला लागली.

पहिल्या तारखेला मालक भाडं न्यायला आला. दारातच थबकला.

"हे काय रे मिस्त्री? हात गेला की काय तुझा?"

"वय झालं, मालक."

मालकाला ते पटलं. पुढच्या गल्लीत त्याचं आणखी एक घर नवं करायचं होतं, ते काम त्याने दुसऱ्या माणसाला दिलं. नवऱ्याने त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

सासूबाई त्या बावीस टाइल्सवरून जातात, येतात. खोलीच्या इतर भागात पाय ठेवत नाहीत.