तपासणीच्या खोलीतला आडोसा

मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीला लटकणारा नव्हे, तर लोखंडी चौकटीत ताणलेला, पायांना चाकं असलेला दवाखान्यातला पडदा. मित्रांनो, माझ्याकडे बघायला कुणी येत नाही. सगळे माझ्यामागे कपडे बदलायला येतात.

एका वेल्डरने माझी चौकट जोडली आणि त्याच्या बायकोने हिरवं कापड शिवलं. "एक चाक करकरतंय हो," ती म्हणाली. "करकरू दे, पडदा आला हे तरी कळेल," तो म्हणाला. पहिली वर्षं मी बाळंतिणींच्या खोलीत काढली. तिथे माझं फार कौतुक होतं. पुढे कापड विरलं आणि माझी रवानगी बंदराजवळच्या केंद्रात झाली.

आपापला देश सोडून आसरा मागायला आलेली माणसं तिथे येत. छातीचा फोटो काढल्याशिवाय कुणालाही पुढे सोडत नसत. चहा पिताना यावर रोज वाद. वॉर्डबॉय म्हणायचा, "सक्ती हवीच! नाहीतर क्षयरोग गावभर पसरेल." डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तपासणी हवीच रे. पण घाबरलेला माणूस खरं सांगत नाही." मग चहा संपायचा आणि वादही.

एके दिवशी दोन बहिणी आल्या. दुभाषी बाई एकच, त्या दुसऱ्या खोलीत अडकल्या होत्या. सिस्टरने खुणेनेच दोघींना गाऊन दिले आणि माझ्यामागे धाडलं. थोरली भिंतीला टेकून खोकत होती.

"ताई, तुझं कार्ड दे इकडे," धाकटी त्यांच्या भाषेत कुजबुजली.

"काय करतेस?"

"तुझ्या जागी मीच जाते. मग माझ्या नावानेही जाते. छातीत काही निघालं तर परत पाठवतात, रांगेतल्या बाई सांगत होत्या."

"अगं वेडे, पकडली गेलीस तर?"

"आणि तुला परत पाठवलं तर? तिकडे कोण उरलंय आपलं?"

थोरलीने गळ्यातलं कार्ड काढून दिलं. धाकटी दोनदा गेली. एक्स-रेवाल्या काकांनी दोन्ही वेळा कार्डच पाहिलं, चेहरा पाहिलाच नाही. थोरली तोवर तोंडात गाऊनची बाही कोंबून बसली होती. दोघींचे फोटो स्वच्छ निघाले. जाताना धाकटीने ताईचा हात धरला होता आणि ती चक्क हसत होती. मलाही बरं वाटलं. मला कुठे काय कळत होतं!

काही महिन्यांनी धाकटी एकटीच आली. यावेळी दुभाषी बाई सोबत होत्या. थोरली वसतिगृहात कोसळली होती. इस्पितळात नेलं, पण फार उशीर झाला होता. डॉक्टरीणबाईंनी दिव्यासमोर थोरलीच्या नावाचे दोन फोटो लावले, एक जुना, एक शेवटचा.

"हे कसं शक्य आहे? हिची छाती तर अगदी स्वच्छ होती!"

धाकटी जुन्या फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती छाती माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून तिला बसवलं. "का गं केलंस असं? या आजारावर गोळ्या आहेत. सहा महिने घेतल्या की माणूस बरा होतो. त्यासाठी आम्ही कुणालाही परत पाठवत नाही."

दुभाषी बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं.

"एवढंच होतं?" धाकटीने विचारलं. "नुसत्या गोळ्या?"

सिस्टर भिंतीवरच्या 'क्षयावर मोफत औषध मिळेल' या सूचनेकडे बोट दाखवायला गेली आणि तिने हात खाली घेतला. ती सूचना धाकटीच्या भाषेत नव्हतीच. मग धाकटी माझ्यामागे आली, जमिनीवर बसली आणि "ताई, ताई" म्हणत ऊर फुटेस्तोवर रडली. मित्रांनो, माझं कापड दगडाचं असतं तर बरं झालं असतं.

तपासणी सक्तीची असावी की नसावी, हे थोरामोठ्यांनी ठरवावं. माझी विनवणी एवढीच आहे. कुणाचीही छाती तपासण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि त्याला कळेल अशा भाषेत सांगा, 'काही निघालं तर आम्ही तुला बरं करू, हाकलून देणार नाही.' हे सांगायला घोटभर चहाइतकाही वेळ लागत नाही. त्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं, तर माझ्यामागून दोघी बहिणी आपापलं कार्ड गळ्यात घालून बाहेर पडल्या असत्या.